पहिला रिपोर्ट नवऱ्याचा: मूल होत नसेल तर मुंबईतल्या जोडप्याने सुरुवात कुठून करावी

मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे बायकोला डॉक्टरकडे नेतात. तिची सोनोग्राफी होते, पाळीच्या ठरावीक दिवशी रक्त काढतात, नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी होते (ती दुखते, हे आधी कुणी सांगत नाही), कधी दुर्बिणीची तपासणीही उरकते. एवढं होईस्तोवर नवरा बाहेरच्या बाकावर मोबाइल चाळत बसलेला असतो. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण सापडतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने. आणि त्याची पहिली तपासणी बिनसुईची, बिनभुलीची, त्यातल्या त्यात स्वस्त. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे: आधी नवरा, फार तर दोघं एकदम.

मी डॉक्टर नाही. या रांगेत बसलेला एक नवरा आहे. त्यामुळे औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत. कोणत्या खिडकीवर आधी जायचं आणि तिथे काय विचारायचं, एवढं मिळेल.

कधी जायचं

कोणतंही साधन न वापरता १२ महिने नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर जायचं. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांतच. आणि पुढचं काही असेल तर थांबायचंच नाही: लहानपणी गालगुंडात अंडकोष सुजला होता, अंडकोष खाली उतरला नव्हता, हर्निया किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन झालंय, क्षयरोग झाला होता, किमोथेरपी झाली आहे, मधुमेह आहे, किंवा संबंधातच अडचण येते.

‘नियमित’ या शब्दावर मुंबईत जरा थांबायला हवं. त्याची रात्रपाळी, तिची सकाळची सहा-बावन्नची लोकल, वन रूम किचनमध्ये आई-बाबा आणि धाकटा दीर; अशा घरात दोघांची गाठ खऱ्या अर्थाने रविवारीच पडते. पाळीच्या एका चक्रात दिवस राहण्याजोगा काळ जेमतेम सहा दिवसांचा असतो, अंडं बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. तो नेमका सोमवार ते शनिवार पडला की महिना गेला. दर दोन-तीन दिवसांनी संबंध असावेत असं डॉक्टर सांगतात. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. ही माहिती त्यांना रक्ताच्या रिपोर्टइतकीच उपयोगी असते. एखाद्या जोडप्याला औषधाआधी महिन्यातून चार दिवस दाराला कडी लावता येईल अशी जागा मिळायला हवी असते. बहिणीचं रिकामं घर, बदलून घेतलेली शिफ्ट, काहीही.

सॅम्पल कसं आणि कुठे द्यायचं

वीर्यतपासणी, म्हणजे सीमेन अ‍ॅनालिसिस. याच्यावर पुढचं सगळं उभं राहतं आणि हीच सगळ्यांत ढिलाईने केली जाते.

आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको. दोनपेक्षा कमी नको आणि ‘जास्त साठेल’ म्हणून पंधरा दिवस तर मुळीच नको; शुक्राणूंची हालचाल मंदावते. गेल्या दोन-तीन महिन्यांत कडक ताप आला असेल तर तारीख पुढे ढकला. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधल्या डेंग्यू-मलेरियाची सावली ऑक्टोबरच्या रिपोर्टवर पडू शकते. पावसाळ्यानंतर मुंबईत किती जण असे उगाच घाबरत असतील, देव जाणे.

डबी लॅबचीच घ्या. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम यातलं काहीही वापरायचं नाही; शुक्राणू मरतात. सगळं वीर्य डबीत यायला हवं, विशेषतः सुरुवातीचा भाग, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. काही सांडलं तर लाजेपोटी गप्प बसू नका, फॉर्मवर लिहायला सांगा. नाहीतर काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी दिसेल आणि तुम्ही नसलेल्या आजाराचे पैसे भराल.

आता जागेचा प्रश्न. सॅम्पल लॅबमध्येच दिलेलं उत्तम. घरून न्यायचं तर अर्ध्या तासात, जास्तीत जास्त तासाभरात, टेबलावर पोचायला हवं. नालासोपाऱ्याहून दादरला डबी नेणं म्हणजे पैसे पाण्यात. रिक्षाच्या अंतरावरची लॅब शोधा. डबी बर्फात नाही, बॅगेत नाही, तर शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवा, आणि तिच्यावर नाव नि वेळ आहे ना ते बघा.

लॅबमधली खोली हा वेगळाच अनुभव. बाहेर रक्त द्यायला आलेले आजोबा, आत प्लॅस्टिकची खुर्ची, कुणीतरी दार ठोठावतंय. बऱ्याच पुरुषांना तिथे जमत नाही, आणि त्यात जगावेगळं काही नाही. फोन करून आधी विचारा: बायकोला बरोबर आत येता येईल का, सकाळची पहिली वेळ मिळेल का, घाई नसलेला वार कोणता. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी या. आणि लॅब निवडताना हे विचारा की सॅम्पल इथेच तपासतात की दुसरीकडे पाठवतात. दुसरीकडे जात असेल तर सरळ पुढचं दार बघा.

रिपोर्ट हातात आल्यावर

गूगल उघडण्याआधी हे वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, दर मिलीमागे १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूणातले पुढे सरकणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे ४ टक्के. काही लॅब अजून २०१० चे आकडे छापतात, तिथे १६ च्या जागी १५ दिसेल. फार फरक नाही.

त्या ४ टक्क्यांवर सगळ्यांचे डोळे पांढरे होतात. ‘९६ टक्के खराब’ असं वाचून रात्रभर जागलेले नवरे मला माहीत आहेत. पण ते नॉर्मलच आहे. हे आकडे वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस राहिले अशा पुरुषांवरून काढलेत, आणि त्यांतल्याही शंभरातले पाच जण या रेषेखाली होते. रेषेखाली म्हणजे अशक्य नाही, वर म्हणजे खात्री नाही.

एका रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही. पुन्हा तपासायचं, शक्यतो तीनेक महिन्यांनी. रिपोर्ट फारच वाईट असेल तर लवकर. ‘निल’ आला, म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही, तर लॅबने सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ पुन्हा बघितला होता का, हे विचारा. त्या गाळात चार शुक्राणू सापडणं आणि न सापडणं यात फार मोठा फरक असतो.

काउंट कमी असण्याचा आणि मर्दानगीचा काही संबंध नाही. काउंट शून्य असलेले बहुतेक पुरुष संबंधात पूर्ण व्यवस्थित असतात. हे बायकोलाही ठाऊक असू द्या आणि नवऱ्यालाही.

आता डॉक्टर, आणि तोही पुरुषांचा

इथे बहुतेक जोडपी चुकीच्या वळणाला लागतात. खराब रिपोर्ट घेऊन आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरला जातात आणि त्याच संध्याकाळी इक्सीचं, म्हणजे एक शुक्राणू थेट अंड्यात घालायच्या उपचाराचं, पॅकेज हातात घेऊन बाहेर पडतात. नवऱ्याला कुणी तपासलेलंच नसतं. माझं मत ठाम आहे: पँट न उतरवता दिलेला सल्ला अर्धाच. युरोलॉजिस्टकडे जा, त्यातही अँड्रॉलॉजी, म्हणजे पुरुष वंध्यत्व बघणाऱ्याकडे. तो हाताने अंडकोषाचा आकार बघतो, वीर्यनलिका लागते का बघतो, उभं करून व्हेरिकोसीलच्या फुगलेल्या शिरा तपासतो. पाच मिनिटं अवघडल्यासारखं होतं, पण त्यातून कधी लाखभर रुपये वाचतात.

त्यानंतर सकाळच्या रक्तात एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन, लागलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिनही, गरजेप्रमाणे डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी. काउंट शून्य किंवा अगदी कमी असेल तर कॅरियोटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांची तपासणी, आणि वाय गुणसूत्राची मायक्रोडिलिशन तपासणी. ही महाग वाटते पण टाळू नका. वाय गुणसूत्राचे काही ठरावीक तुकडे पूर्ण गळलेले असतील तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळत नाहीत, म्हणजे ती वाचते. दुसऱ्या एका तुकड्यात बिघाड असेल तर शुक्राणू बरेचदा मिळतात, पण मुलगा झाला तर तोच बिघाड त्याच्याकडे जातो. आणि वीर्यनलिका जन्मतःच नसतील तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाची तपासणी दोघांचीही लागते.

डॉक्टरपुढे काहीही लपवू नका. गुटखा, दारू, केस गळतीच्या गोळ्या, आणि विशेषतः जिममधली इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं उत्पादन थांबवतं आणि काउंट शून्यावरही येतो. दंड फुगतात, शुक्राणू बंद. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण काही महिने जातात, कधी वर्षाच्या वर. भट्टीपाशी किंवा बेकरीत काम करत असाल तर तेही सांगा. अंडकोषाला उष्णता मानवत नाही.

पैसे बेताचे असतील तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत युरोलॉजीची ओपीडी आहे. केस पेपर काढा, दिवस मोकळा ठेवा, डबा न्या. परळलाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. याच संस्थेच्या आणि केईएमच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा या मुलीचा जन्म झाला, शास्त्रीय नोंदी असलेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. सांगायचा मुद्दा, पालिकेच्या रुग्णालयात ‘हे होत नाही’ असं समजून परस्पर खासगीत धावू नका, आधी विचारून तरी या. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘खात्रीशीर इलाज’वाल्या कागदांबद्दल मात्र विचारूही नका.

उपचार कोणता, हे कशावरून ठरतं

कारणावरून, आणि बायकोच्या वयावरून.

मेंदूकडून येणारी हार्मोन कमी असतील तर इंजेक्शनांनी काउंट खरोखर वाढतो. हा सगळ्यांत सुखाचा प्रकार, पण विरळा. व्हेरिकोसील मात्र भरपूर दिसतं: शंभरातल्या पंधरा-एक पुरुषांना ते असतंच, आणि मूल न होणाऱ्यांत ३५ ते ४० जणांना. म्हणून दिसलं की कापा असं नाही. हाताला लागत असेल आणि रिपोर्टही खराब असेल तरच ऑपरेशनला अर्थ आहे. नुसतं डॉप्लरमध्ये दिसलं म्हणून नाही. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. बायको २८ ची असेल तर थांबावं. ३८ ची असेल तर ते महिने फार महाग पडतात, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि युरोलॉजिस्ट यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. ते आपणहून बोलत नाहीत.

काउंट वाढवणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांचा बाजार मोठा आहे. जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिड नवऱ्यांना देऊन अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर अभ्यास झाला, २०२० साली निकाल आला, बाळं काही वाढली नाहीत. डॉक्टरने लिहून दिलं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका. तंबाखू सोडणं फुकट आहे.

काउंट थोडाच कमी असेल आणि बायकोच्या नळ्या मोकळ्या असतील तर आययूआय: वीर्य धुऊन निवडलेले शुक्राणू गर्भाशयात सोडतात. फार कमी असेल तर इक्सी, म्हणजे एक शुक्राणू सुईने थेट अंड्यात. काउंट शून्य असेल तर प्रश्न असा की वाट बंद आहे की कारखाना. वाट बंद असेल तर सुईने शुक्राणू काढता येतात आणि ते बहुधा मिळतात. कारखानाच मंद असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोष उघडून शोधावे लागतात, त्याला मायक्रो-टेसे म्हणतात. तिथे मिळण्याची शक्यता साधारण ४० ते ५० टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. त्यामुळे न मिळाल्यास काय, हे ऑपरेशनच्या आधी दोघांनी बोलून ठेवा. टेबलावरून उठलेल्या माणसाला तो प्रश्न विचारायचा नसतो.

एक गोष्ट उपचाराआधीची, पण इथेच सांगतो. कर्करोगाची किमोथेरपी सुरू होणार असेल तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवायचं. लग्न झालेलं असो वा नसो. त्या धावपळीत हे कुणाच्या डोक्यात येत नाही, तुम्ही आठवण करा.

क्लिनिकशी बोलताना

२०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या, कायद्याखाली प्रत्येक क्लिनिकची नोंदणी लागते: फक्त आययूआय करणारी पहिल्या पातळीची, आयव्हीएफ-इक्सी करणारी दुसऱ्या. प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर मागा. ‘गॅरंटी’ हा शब्द ऐकू आला की चपला घाला. मुलगाच हवा असं घरचं कुणी सुचवत असेल तर त्यांना तिथेच थांबवा, लिंगनिवड हा गुन्हा आहे.

मुंबईत खासगीत इक्सीच्या एका सायकलला, म्हणजे एका पूर्ण फेरीला, साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा अर्धवट असतो. लेखी विचारा: इंजेक्शनं धरून का, भूल धरून का, शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी का, भ्रूण गोठवण्याचं वर्षाचं भाडं किती, गोठवलेलं भ्रूण नंतर गर्भाशयात सोडायचे पैसे किती. आणि हे विचारा की अंडी काढायच्या दिवशी नवऱ्याला सॅम्पल देता आलं नाही तर काय. यावर सोपा उपाय आहे, एक सॅम्पल आधीच गोठवून ठेवायचं. बायको भुलीखाली आणि नवरा बंद खोलीत घामाघूम, ही वेळ कुणावर येऊ नये. लोकल बंद पडली किंवा पाणी तुंबलं तरी ते सॅम्पल कामी येतं.

संमतीपत्र मराठीत मागा. नाही मिळालं तर घरी आणून वाचा, मग सही.

दात्याच्या शुक्राणूचा विषय निघाला तर कायदा माहीत हवा. दाता नोंदणीकृत बँकेतूनच येतो, २१ ते ५५ वयाचा, आणि त्याची ओळख कळत नाही. त्यामुळे ‘दिराचंच घेऊ, रक्त घरातलं’ ही सूचना कायद्यात बसत नाही. एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. मूल कायद्याने तुमचंच, दात्याचा हक्क राहत नाही. दोघांची लेखी संमती लागते, आणि माझ्या मते सहीच्या आधी निदान महिनाभर विषय घरात मुरू द्यावा. घाईने ‘हो’ म्हणणारा नवरा बरेचदा बायकोसाठी म्हणत असतो.

घरी कोण काय सांगणार

हा भाग डॉक्टर सांगत नाहीत. कितीतरी घरांत दोष नवऱ्यात असतो आणि बोलणी बायको खाते. हळदीकुंकवाला कुणी काकू विचारते, ‘काय गं, गोड बातमी कधी?’ ती हसून सोडते. सासूबाई नवस बोलतात तो सुनेच्या नावाने. काही बायका तर नवऱ्याची अब्रू राखायला ‘माझ्यातच प्रॉब्लेम आहे’ असं आपणहून सांगतात. त्याग म्हणून हे गोड वाटतं. मला ते पटत नाही, कारण ते बोलणं मग तिच्या कपाळी चिकटतं आणि मूल झाल्यावरही सुटत नाही.

आपल्या आईशी नवऱ्यानेच बोलायचं, बायकोच्या मागे, एकट्याने. लांबण नको: ‘आई, आमची तपासणी झाली. अडचण माझ्याकडे आहे, डॉक्टरांचं औषध चालू आहे. तिला यातलं काही विचारू नकोस, मला विचार.’ रिपोर्ट उघड करायचा नसेल तर तोही तुमचा हक्क आहे, पण मग ‘आमचे उपचार चालू आहेत’ म्हणा. ‘तिचे’ नव्हे. दोघांनी एकच वाक्य ठरवा आणि माहेरी-सासरी तेच सांगा. माहेरी एक आणि सासरी दुसरं झालं की पुढच्या लग्नात दोन्हीकडचे भेटतात आणि तुमची कथा जुळवतात.

डोहाळेजेवणं आणि बारशी. सगळ्यांना जायलाच हवं असं नाही. आहेर पाठवा, कामाचं निमित्त सांगा. इंजेक्शनांच्या दिवसांत उपास असेल तर डॉक्टरना विचारून धरा. नवस बोलायला हरकत नाही, फक्त औषधाच्या वेळा त्यात चुकू नयेत.

नवऱ्यांचं बोलणं फुटत नाही. मित्रांत हा विषय निघाला तर चेष्टेनेच निघतो. झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, बायकोजवळ जायचीच भीती वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि महिन्यातले काही दिवस असे ठेवा की जवळ येण्याचा तारखेशी काही संबंध नसेल. सगळंच कॅलेंडरवर गेलं की शरीर संप करतं.

किती, आणि कुठपर्यंत

पहिल्या सायकलच्या आधीच आकडा ठरवा: किती सायकली, किती पैसे, दागिने मोडायचे की नाही, पीएफला हात लावायचा की नाही. निगेटिव्ह रिपोर्टच्या संध्याकाळी ‘अजून एकदा’ असंच वाटतं, म्हणून तो आकडा कागदावर असलेला बरा.

दत्तकाचा विचार असेल तर नोंदणी फक्त केंद्र सरकारच्या कारा या संस्थेच्या पोर्टलवर होते; ओळखीच्या नर्सकडून किंवा ‘एक बाई आहेत’ अशा वाटेने बाळ घेणं बेकायदा आहे. लग्न स्थिर असल्याची किमान दोन वर्षं लागतात. दोघांचीही संमती लागते. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, आणि वाट बघण्यात वर्षं जातात. उपचारांचा आकडा कागदावर लिहाल तेव्हा ही बेरीजही त्याच कागदावर करून ठेवा.